चरातली माती

आज सकाळी स्वयंपाकघरात भिजत घातलेल्या हरभऱ्यांवरचं झाकण उचललं आणि त्या ओलसर, किंचित आंबूस वासानं मी जागच्या जागी थांबलो. उसळीसाठी भिजवलेले मूठभर हरभरे ते. पण माझ्या लेखी हा वास माणसांच्या जेवणाचा कधी नव्हताच. तो आक्काच्या गोठ्याचा. कागलच्या पलीकडे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर आहे. तिथं म्हशींच्या दावणीशेजारी एक उंच गव्हाण होती आणि तिच्यात रोज पहाटे असे टपोरलेले हरभरे घमेल्यानं ओतले जायचे. खाणारी एक तांबूस घोडी होती. कपाळावर पांढरा ठिपका, आणि चालताना मान अशी की जणू कुणी हाक मारतंय आणि तिला अजून उत्तर द्यायचं नाही.

ती जन्मली तेव्हाच तिची आई गेली. दाजी तिला वाकळेत गुंडाळून घेऊन आले आणि आक्काच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "बघ, जगली तर तुझी." आक्कानं म्हशीचं दूध कोमट पाण्यात पातळ करून बाटलीनं पाजलं. सगळ्या गावानं सांगितलं की म्हशीच्या दुधावर घोडं जगत नसतं. घोडीला ते कुणी सांगितलं नसावं. ती वाढली, आक्काच्या पदराला लागून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ लागली, भाकरीचा पापुद्रा आणि गुळाचा खडा हक्कानं मागू लागली. दाजींना घोडागाडीच्या शर्यतीचा नाद जुना. घोडी पळण्याजोगी झाली तसे त्यांचे डोळे चमकायला लागले. आक्का एवढंच म्हणाली, "पळणं तिच्या रक्तातच हाय, म्हणून मी आडवी येत न्हाय. पण बघायला काय मी येणार न्हाय."

आणि ती पळायची कशी! हलकी दोन चाकी गाडी मागं आहे याचं तिला भानच नसायचं. आमच्या भागात जत्रा आली की कुस्तीच्या मैदानाइतकीच शर्यतीचीही चर्चा असते. पण कुस्तीसाठी निदान तांबडी माती चाळून, तेल-ताक घालून आखाडा तयार करतात. शर्यतीला वेगळं मैदान नसतंच. रोज उसाचे ट्रॅक्टर आणि एमआयडीसीला जाणाऱ्या कामगारांच्या बस ज्या रस्त्यावरून धावतात, तोच दुपारपुरता अडवायचा, दोन्ही कडांना माणसं उभी करायची, झाली शर्यतीची वाट. वरून लखलखीत डांबर, कडेला सुटलेली खडी, मधे कुठंतरी गटाराच्या पाइपचा उंचवटा. खूर कशावर पडतोय हे घोड्यानं पळता पळता बघायचं.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत शर्यत होती. पाणी योजनेसाठी तिथला रस्ता आडवा खणला होता आणि चर नुसत्या भुसभुशीत मातीनं बुजवला होता. आदल्या दिवशी दाजी आणि मी रस्ता बघायला गेलो. दाजींनी चरात टाच रोवली तर ती सहज आत गेली. ते तसेच जत्रा कमिटीच्या प्रमुखाकडं गेले. चांगला हसरा, हातात सतत फोन असलेला गडी. त्याच्यामागं मांडव उभा राहत होता, भिंतीएवढे कर्णे एकावर एक चढत होते, पुढाऱ्यांचे चेहरे छापलेला फ्लेक्स ताणला जात होता.

"तेवढा चर दाबून घ्या बघा," दाजी म्हणाले. "मुरूम टाका, रोलर फिरवा. जनावराचा पाय जाईल."

"घेतो की दाजी. कशाला काळजी करताय? तुम्ही घोडी आणा फक्त."

दुसऱ्या दिवशी चर तसाच होता. उलट धूळ उडू नये म्हणून टँकरनं रस्त्यावर पाणी मारलं होतं आणि वरून सपाट दिसणारी ती माती आतून लोण्यासारखी झाली होती. गाडीवानांत कुजबुज झाली. चार-पाच जण एकत्र आले, चर नीट दाबल्याशिवाय गाड्या सोडायच्या नाहीत असं ठरलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण मांडवातून माइकवरचा गडी ओरडला, "पावणं, ज्यांना भ्या वाटतंय त्यांनी घोडी घरात बांधावी! प्रमुख पाहुणे थांबलेत, उशीर करू नका!" लोक खो खो हसले. एक गाडी रेषेवर गेली. मग दुसरी. दाजी बराच वेळ घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी त्यांनी लगाम उचलला.

पुढचं फार थोडक्यात घडलं. पहिल्या उतारापर्यंत घोडी सगळ्यांच्या पुढं होती. चरापाशी तिचा पुढचा पाय आत गेला, मागून गाडीचा सगळा वेग तिच्या अंगावर आला आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज कर्ण्यांच्या गोंगाटातही स्पष्ट ऐकू आला. दाजी बाजूच्या उसात फेकले गेले. घोडी तीनदा उठायला गेली. चौथ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही.

मी मोटारसायकल काढून आक्काला आणायला गेलो. ती म्हशीखाली धार काढत बसली होती. माझ्याकडं बघून तिनं बादली बाजूला सरकवली. काय झालं, असं तिनं विचारलंच नाही.

"कुठला पाय?" ती म्हणाली.

"पुढचा."

तिनं पदराला हात पुसले आणि माझ्यामागं बसली.

जनावरांचे डॉक्टर शर्यतीला नव्हतेच. त्यांना बोलवावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. फोन गेल्यावर ते लांबच्या वस्तीवरून आले. तोवर घोडी भर उन्हात पडून होती आणि लोकांना दिसू नये म्हणून पोरांनी तिच्याभोवती एक फ्लेक्स धरला होता. त्यावरचे पुढारी हात जोडून हसत होते. आक्का आत शिरली, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दाजी खरचटलेल्या तोंडानं जवळ उभे होते. डॉक्टरांनी पाय बघितला आणि मान हलवली. सुई टोचताना घोडीनं आक्काच्या तळव्यात तोंड घातलं, तिला वाटलं असेल गूळ आहे.

टेम्पोत घोडी चढवली तेव्हा मांडवातून पुन्हा घोषणा झाली, "पुढचा गट तयार!"

आक्का उठली. टेम्पोमागं न जाता सरळ रस्त्याच्या मधोमध त्या चरात जाऊन मांडी घालून बसली. लुगडं चिखलानं भरलं. प्रमुख धावत आला.

"आक्का, उठा की वो. झालं ते वाईटच झालं. पण आता गाड्या सुटायच्यात."

"सोड की. कोण नको म्हणतंय?"

"असं काय करताय? बाईमाणसानं भर रस्त्यात..."

"रोलर आण," आक्का म्हणाली. "माझी गेली. ह्या बाकीच्या कुणीतरी दूध पाजूनच वाढवल्यात न्हवं?"

त्यानं दाजींकडं बघितलं. दाजी आले आणि तिच्या शेजारी बसले.

मग रोलर आला. तो कुठून लांबून आणावा लागला नाही, हे मला आजही सहन होत नाही. कारखान्याच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं झाडाखाली तो उभाच होता, चालक सावलीत झोपला होता. कुणीतरी एक फोन केला. मुरूम पडला, रोलर फिरला, चर बुजला. तेवढंच काम होतं. शर्यत पार पडली, ढाल दिली गेली, फटाके वाजले. आठवड्याभरानं चौकात घोडीच्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली सगळ्या कमिटीचे चेहरे. दाजी त्या चौकातून जाणं टाळू लागले. गाडी त्यांनी विकली नाही, मोडलीही नाही; ती घरामागच्या परड्यात पडून आहे, तिच्या चाकांतून दोडक्याचा वेल गेला आहे.

आता जत्रेच्या आदल्या दिवशी ती दोघं सकाळी त्या गावी जातात. दाजींच्या हातात पहार असते. शर्यतीचा सगळा रस्ता ती चालत बघतात, दाजी पहारीनं टोचतात, आक्का सुटलेली खडी पायानं कडेला सारते. नवी पोरं आधी हसायची. आता निदान मुरमाची ट्रॉली तयार ठेवतात. पण जत्रा गावोगाव असतात, आणि दोन म्हाताऱ्या माणसांचे पाय जाऊन जाऊन कुठवर जाणार?

मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा भाच्यानं फोनवर एक चित्रफीत दाखवली. दूरच्या कुठल्या तरी गावची शर्यत, धूळ, आरडाओरडा, आणि पडलेला एक पांढरा घोडा. मी नजर वळवली. आक्कानं मात्र फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि चित्रफीत शेवटपर्यंत बघितली.

"घोड्याकडं न्हवं," ती मला म्हणाली, "खाली बघ. रस्ता बघ."

काळानं सगळं बुजतं असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. काळ बहुधा नुसतं पाणी मारतो. वरून सपाट दिसतं, एवढंच. आक्कानं फोन भाच्याला परत दिला आणि त्या गावाची जत्रा कधी असते ते विचारू लागली.