सगळ्यांचा फ्रीझर

तिला सगळे मेणबाई म्हणत. विद्यापीठातल्या सामायिक प्रयोगशाळेत ती कामाला होती. उंदराचं यकृत असो की माणसाच्या पोटातून काढलेली गाठ, आलेला तुकडा मेणात बसवायचा, कागदाहून पातळ कापायचा, काचेवर चढवून रंगवायचा, हे तिचं काम. शेजारच्या खोलीतला माणूस त्या काचा मायक्रोस्कोपखाली धरून फोटो काढी. त्याला ती दादा म्हणे. भाऊ नव्हता तिला. इतक्या वर्षांत तोच भाऊ झाला होता.

कामाची तिला कधी किळस आली नाही. नणंद तोंडावर म्हणायची, "वहिनी, तुझ्या हातचं घशाखाली उतरत नाही गं." ती हसून म्हणायची, "मग उपाशी राहा." किळस आणत ती तिथली शिकलेली माणसं. पाच विभागांची प्रयोगशाळा, म्हणजे वापरायला सगळे नि पुसायला कुणीच नाही. कुणी कापायच्या यंत्राच्या पात्यावर मांसाचे कण तसेच ठेवून जाई, कुणी लेन्स तेलानं बरबटून. एकानं तर बेसिनमध्ये रक्ताळलेले हातमोजे टाकून त्यावरच चूळ भरली होती. पुटपुटत का होईना, ती सगळं आवरायची.

एकदा जोडून सुट्ट्या आल्या. त्या संपल्यावर तिनं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वासानं आलेली ओकारी कशीबशी आवरली. नमुन्यांच्या फ्रीझरमध्ये कुणीतरी आइस्क्रीमचा मोठा डबा कोंबला होता, त्यामुळे दार नीट लागलंच नव्हतं. नमुने सडून त्यांचं तपकिरी पाणी झालं होतं, आणि त्यात गुलाबी आइस्क्रीमचे ओघळ मिसळून फरशीवर चिकट थारोळं साचलं होतं.

प्रमुख साहेब दारातच थांबले, नाकाला रुमाल लावून. "मेणबाई, आवरा पटकन. तुम्हाला काय, सवयच आहे."

"सवय मांसाची आहे, साहेब. हे खाणं इथं ठेवलं कुणी?"

साहेब रुमाल सावरत निघून गेले. ती गुडघ्यांवर बसून पुसू लागली. दादा मदतीला आला आणि हळूच म्हणाला, "साहेबांनीच ठेवला डबा. त्यांच्या वाढदिवसाचं उरलेलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

दुपारी बैठक झाली. साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "फ्रीझर मेणबाईंच्या ताब्यात असतो. हलगर्जीपणा त्यांचाच."

तिनं दादाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत राहिला. शेवटपर्यंत.

बाहेर आल्यावर तो मागे धावला. "ताई, माझी बढती अडकलीय गं. समजून घे."

"केसाएवढी भेग शोधता काचेवर, आणि एवढा डबा दिसला नाही?"

"दिसला होता. पण बोलून काय झालं असतं?"

तिला ओकारीच आली. सकाळपासून आवरून धरलेली ती ओकारी तिनं तिथंच, भिंतीचा आधार घेऊन काढली. दादा पाणी घेऊन आला. ते तिनं घेतलं नाही.

त्याच आठवड्यात तिनं राजीनामा दिला. नवऱ्यानं खूप समजावलं, पण ती ऐकेना. आता ती एका लहानशा रुग्णालयात तेच काम करते, पगार कमी आहे. दादाचे फोन येतात, ती उचलत नाही. नवरा म्हणतो, "किती दिवस राग धरशील?"

"राग केव्हाच गेला," ती म्हणते. "शिसारी जात नाही."