नळ बंद करू नका

गळका नळ दिसला की हात लावायच्या आधीच तो निदान करायचा, "वायसर गेलाय." बहुतेकदा ते खरंही निघायचं. त्यामुळे सगळे त्याला वायसरच म्हणत, आणि चिडली की त्याची ताईसुद्धा. नळजोडणीचं काम, खांद्याला पान्यांची पिशवी आणि जिभेला हाड नाही. असा हा माणूस वर्षभरात वाळून काटकी झाला, जिना चढताना धापा टाकायला लागला. तपासणीत एचआयव्ही निघाला. त्यानं हाय खाल्ली नाही असं म्हणणं खोटं ठरेल; कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. हे कुठून आलं असं ताईनं एका शब्दानंही विचारलं नाही. तिनं त्याला उठवलं, आंघोळ करायला लावली आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, की रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी या विषाणूनं पार कमी केल्यात. रोज एक गोळी, जन्मभर. विषाणू दबला की पेशी हळूहळू वाढतील. मध्ये त्रास झाला तर लगेच या, पण गोळी आपल्या मनानं थांबवू नका. वायसरनं मान डोलावली आणि निम्मं ऐकलं. गिऱ्हाइकं त्याचं बोलणं ऐकतात तेवढंच.

गोळ्यांनी भूक परतली, तो कामावर जायला लागला. आणि मग एकाएकी ताप चढला. मानेत लिंबाएवढी गाठ आली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"गोळ्या घेण्याआधी ताप तरी नव्हता तुला," ती म्हणाली. "आग लागो त्या गोळ्यांना."

त्यालाही ते पटलं. गोळ्यांची बाटली माळ्यावर गेली. दवाखान्यात विचारायला जायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी एका काकूंचा निरोप आला. त्यांच्या जुन्या इमारतीत त्यानं नुकतीच नवी मोटर बसवली होती. अंगात कणकण असूनही तो गेला. काकू कंबरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"तुमच्या मोटरनं नळाला लाल पाणी येतंय. आधी बारीक यायचं, पण स्वच्छ यायचं. काढून न्या ती. मी नळ बंदच ठेवलाय."

असलं त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं. उत्तर आपसूक तोंडातून आलं. "काकू, मोटर चांगली आहे. आधी पाण्याला जोरच नव्हता, म्हणून गंज पायपात गुपचूप बसून होता. आता जोर आला, तर तो बाहेर पडतोय. नळ बंद करू नका, नाहीतर..."

पुढचं वाक्य त्याला सुधरेना. हात मानेवरच्या गाठीकडे गेला. पण पाइप म्हणजे शरीर नव्हे, एवढी अक्कल त्याला होती. काकूंचा नळ चालू करून, स्वच्छ येईपर्यंत पाणी वाहू द्या असं सांगून तो तडक दवाखान्यात गेला.

बाटली माळ्यावर टाकल्याचं ऐकून डॉक्टरबाईंनी आधी झाडलं. मग गाठीत सुई घालून तपासलं. क्षयरोग निघाला.

"हा आधीपासून आत होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीरात त्याच्याशी भांडायचीही ताकद नव्हती, म्हणून ताप आला नाही. आधी तुम्ही बरे नव्हता, नुसते गप्प होता. आता पेशी जाग्या झाल्यात आणि भांडतायत. क्षयाची औषधं देते. ही गोळी आजपासून परत सुरू. आणि पुन्हा काही झालं तर माळ्यावर नाही, इथे यायचं."

घरी येऊन त्यानं माळ्यावरून बाटली काढली.

"आणि परत ताप चढला तर?" ताईनं विचारलं.

"तर बाईंकडे जाऊ. गोळी थांबणार नाही."

ताप लगेच उतरला नाही. दुखलं, उलट्या झाल्या, कामं हातची गेली. गोळी मात्र चुकली नाही. गाठ बसायला कितीतरी महिने लागले. पेशीही रखडतच वाढल्या. अजून कमीच आहेत, बाई म्हणाल्या, पण वाढतायत. त्यानं पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

पुढच्या वर्षी साध्या सर्दीनं त्याचं अंग तापलं. ताई कपाळाला हात लावून बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आता ही पुन्हा गोळ्यांच्या नावानं बोटं मोडणार. ती उठली, आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. दुसऱ्या हातात गोळी होती.

"आधी ही घे," ती म्हणाली. "मग जाऊ बाईंकडे."