चाकोबाचा बोजारा

मले गावात मधुकरराव म्हणतात. रोहण्यात माझं किराणा दुकान आहे. माझा स्वभाव काही चांगला नाई, हे मीच आधी सांगून टाकतो, नाईतर गावातलं कोणी ना कोणी सांगणारच. गिऱ्हाइकानं दोनदा भाव विचारला की तिसऱ्यांदा मी सांगत नाई. पण ही गोष्ट माझी नाई, माझ्या दुकानाच्या भिंतीले लागून जिची आटाचक्की आहे त्या कौशल्याबाईची आहे. ऐकायची तर सरळ ऐका, मधात बोलू नका.

बाई सदुसष्ट वर्षांची, चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर चक्की तिनंच चालवली. चक्कीच्या झिजलेल्या दगडाले छिन्नीनं टाकी लावायची वेळ झाली की नाई, हे ती पीठ चिमटीत चोळून सांगायची. त्या पिठावरच एकुलत्या एक पोराले, प्रफुलले, शिकवलं. तो पुण्याले नोकरीले लागला. माय काही गाव सोडून गेली नाई.

आमचं बोलणं बंद होतं. मी दुकानावर नवीन टिन टाकलं, त्याचं पाणी तिच्या चक्कीत गेलं आणि कोणाचा तरी गव्हाचा कट्टा भिजला. ती चार लोकायसमोर मले बोलली. मी म्हणालो, तुझा नवरा असता तर त्याच्याशी बोललो असतो, बाईमाणसाशी मी बोलत नाई. दुसऱ्या दिवशी टिनाले पन्हाळ लावून दिली, पण चुकलो म्हणायले गेलो नाई. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता नऊ वर्षं गेली. त्याआधी मी तिले वैनी म्हणायचो.

तर एकदा दिवाळीले प्रफुल आला आणि आपला जुना मोबाईल मायले देऊन गेला. त्यात एक गेम होता, चाकोबा नावाचा. आपल्याकडं तान्ह्या पोळ्याले लेकरं चाकाचा लाकडी बैल ओढतात ना, तसा एक लहानसा बैल. आर्वीच्या बाजारात तो बैलबंडीतून खाली पडते आणि तिथून त्याले आपल्या घरी जायचं असते. वाटेत कुत्रे, काटेरी कुंपण, बंद फाटक. डोकं लावून रस्ता काढायचा. मले हे सगळं भिंतीतून कळलं. दुपारी चक्की बंद असली की पलीकडून चाकाची किरकिर यायची आणि बाई बोलायची, "तिकडं नको जाऊ रे बाबा, तिकडं चिखल आहे." मले वाटलं बुढीचं डोकं फिरलं.

तो गेम तिनं चार महिन्यांत संपवला. संपवला म्हणजे काय, शेवटी चाकोबा एका नाल्याशी येऊन थांबला. नाल्याले पूर, पलीकडं त्याचं गाव, आणि गेम तिथंच खतम. पुढचा भाग निघालाच नव्हता. बाईच्या जिवाले घोर लागला. दळण घेऊन येणाऱ्या बायायले सांगायची, लेकरू पाण्याच्या काठावर उभं आहे आणि मी इथं जेवून राह्यली.

त्याच उन्हाळ्यात तिच्या डोळ्यायले काचबिंदू निघाला. वर्ध्याच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, थेंब टाकत राहा, पण गेलेली नजर परत येणार नाई आणि राह्यलेली दोन वर्षं टिकली तर नशीब. बाई म्हणाली म्हणे, दोन वर्षांत चाकोबा घरी पोचला पाहिजे, मंग काय व्हायचं ते होऊ द्या.

गेम बनवणारी सुरभी नावाची पोरगी, नागपूरची. पुढच्या भागासाठी तिच्याजवळ पैसा नव्हता. मंग ज्या लोकायले गेम आवडला त्यायनंच तिच्या मागं लागून वर्गणी सुरू केली, इंटरनेटवर. नियम असा, तीस दिवसांत ठरलेली पूर्ण रक्कम जमली तर गेम बनणार. एक रुपया जरी कमी पडला तर सगळ्यांचे पैसे वापस आणि गेम कायमचा बंद. हे ऐकून मी नाक मुरडलं. वर्गणी गणपतीची असते, सप्ताहाची असते. जे अजून बनलंच नाई, बनलं तरी हातात येणार नाई, त्याच्यासाठी लोक पैसे देतात? पण देऊन राह्यले होते, बापा. कोणी चित्रं काढून देत होतं, कोणी आपल्या भाषेत गेम उतरवून देत होतं, तेही फुकटात. एकमेकाचं तोंड न पाह्यलेले लोक एका लाकडी बैलाले घरी पोचवायले निघाले होते.

सातबारा काढून देणारी अंकिता, तिचं सेवा केंद्र माझ्या दुकानासमोर आहे. बाई रोज तिच्याकडं जाऊन विचारायची, किती झाले? पाच दिवस राह्यले तेव्हा अर्धेही झाले नव्हते. त्या दिवशी बाई केंद्राच्या पायरीवर बसून राह्यली. मंग उठली आणि म्हणाली, "बैलाचं काम आहे, तर बैलालेच मागू दे."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. तुम्ही बाहेरगावचे असाल तर सांगतो, मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरं आपापला लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते आणि त्याच्या पाठीवर पैसे ठेवते. त्याले बोजारा म्हणतात. बोजाऱ्याले कोणी नाई म्हणत नाई, कशासाठी असं विचारत नाई. आणि बैलवाल्यानं एकही दार सोडायचं नाई, भांडण असलं तरी.

बाईनं पेटीतून प्रफुलचा लहानपणचा बैल काढला. एक शिंग तुटलेलं, चाक किरकिरणारं. आणि सदुसष्ट वर्षांची ती बाई, हिरवं लुगडं नेसून, दोरी हातात धरून, लेकरायच्या रांगेत निघाली. माझं घर दुकानातच आहे; मी दुकानाची फळी लावून आत बसलो होतो. बायको माहेरी गेलती. आधी हसण्याचा आवाज आला, मंग हसणं कमी झालं, मंग नुसती चाकाची किरकिर आणि मागं चालणाऱ्या लोकायचे पाय. वाड्या-वस्तीवरची घरं, पारावरची घरं, सगळी करत ती माझ्या हिरव्या दारासमोर आली आणि किरकिर थांबली.

मी उठून दाराशी गेलो. फटीतून पाहत होतो. तिनं कडी वाजवली नाई, हाक मारली नाई, नुसती उभी राह्यली. अर्धी नजर गेलेली बाई उन्हात दोरी धरून उभी, आणि तिच्या मागं अख्खी आळी. माझा हात कडीपर्यंत गेला होता, खोटं नाई सांगत. पण नऊ वर्षांचं तोंड उघडायचं तर आधी काय बोलायचं, हेच सुचेना. मी कडी काढली नाई.

मंग तिनं काय करावं? कमरेची पिशवी सोडली, त्यातला आपला एक रुपया काढला, वाकून बैलाच्या पाठीवर ठेवला आणि लेकरायले म्हणाली, "हा मधुकररावाचा." आणि पुढच्या दाराकडं गेली.

माणसानं माणसाले शिव्या द्याव्या, थुंकावं, ते सोसता येते. हे कसं सोसायचं?

जमलेला बोजारा घेऊन ती अंकिताकडं गेली. रक्कम मोठी नव्हती, एका गावाची ती किती असणार? तिथं एक अडचण आली. पैसे देणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय तो फॉर्म पुढं सरकत नव्हता, कारण प्रत्येकाचं नाव गेममध्ये येणार होतं. बाई अडून बसली. बोजाऱ्याले नाव नसते, म्हणाली, ज्यानं नाव सांगितलं त्याचा बोजारा कसला? शेवटी अंकितानं नावाच्या जागी 'बोजारा' एवढंच लिहिलं, खाली दोन ओळीत ही पद्धत काय असते ते सांगितलं, आणि बाईचा दारोदार फिरतानाचा व्हिडिओ जोडून दिला.

पुढं जे झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येते. संध्याकाळी अंकिता ओरडतच केंद्राच्या बाहेर आली. वर्गणीच्या यादीत नावंच येणं बंद झालं होतं. बोजारा, बोजारा, बोजारा. एकाखाली एक, पडदा सरकवत जा, संपत नाई. भंडाऱ्याचा बोजारा, कोल्हापूरचा, दुबईचा, आणि ज्या देशायची नावं मले वाचता येत नाई तिथलाही. काहींनी तर आपल्या भाषेच्या अक्षरात लिहिलेलं. ज्यायनं आयुष्यात तान्हा पोळा पाह्यला नाई, ते लोक आपलं नाव पुसून आमच्या रोहण्याच्या रिवाजानं देत होते. चौथ्या दिवशी सकाळी रक्कम पूर्ण झाली. मी दुकानात डाळ मोजत होतो, माप हातातच राह्यलं.

सुरभीचा फोन आला तेव्हा बाई चक्कीवर होती. चक्की बंद होती, फोन मोठ्या आवाजावर होता, भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. सुरभीनं विचारलं, आजी, गावातली किती दारं झाली? बाई म्हणाली, सगळी, एकही सुटलं नाई. मंग एकेक दार कसं आहे, कोणत्या रंगाचं, पायऱ्या किती, हे सांगत बसली. माझ्या दाराची पाळी आली तेव्हा जरा थांबली आणि म्हणाली, ते हिरवं आहे, वर टिनाची पन्हाळ आहे, आणि तिथं बैलाले बराच वेळ उभं राहावं लागते. एवढंच. बंद राह्यलं, हे सांगितलंच नाई.

गेम बनायले दीड वर्ष लागलं. तोवर बाईले उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं होतं. प्रफुलनं माणूस ठेवून चक्की चालू ठेवली, पण पुण्याले ये म्हटलं की बाई म्हणायची, चाकोबा येऊ दे. शेवटी हिवाळा सरता सरता गेम आला. प्रफुल दोन दिवस रजा काढून आला, मोबाईलमध्ये टाकून दिला आणि परत गेला. मंग आळीतली लेकरं येऊन बसायची, पडद्यावर जे दिसते ते सांगायची, आणि बाई ऐकून सांगायची, आता डावीकडं घे, पाण्याचा आवाज मोठा झाला. नाल्यावर पूल होता. त्याले हजारो फळ्या होत्या, आणि बोजारा दिलेल्या एकेका माणसाची एकेक फळी. चाकोबा त्यावरून जाताना प्रत्येक फळी वेगळी वाजत होती. बाई रडत होती. इकडं मी साखर बांधता बांधता थांबलो होतो.

पूल झाला, गाव आलं, बाईनं फोनवर सांगितलेली आमचीच दारं एकेक करून चाकोबासमोर उघडू लागली. आणि एका दारावर गाडी अडली. तीन दिवस झाले तरी ते उघडेना. अंकिता सांगत होती की तिथं सगळेच अडकून राह्यले, दुनियाभरातले. जो तो सुरभीले विचारून राह्यला आणि ती फक्त एवढंच म्हणते की रोहण्याच्या आजीले विचारा.

भिंतीतून एका पोरीचा आवाज आला, "आजी, हे हिरवं दार आहे, वर पन्हाळ आहे. किती दाबलं तरी काहीच होत नाई."

बाईनं लेकरायले घरी पाठवलं. म्हणाली, तुमचे हात थांबत नाई बाबा, जा जेवायले.

मी दुकान तसंच उघडं टाकून गेलो. अकरा वर्षांनी त्या चक्कीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. बाईनं मान वर केली, माझ्या चपलेच्या आवाजानंच तिनं ओळखलं असावं. या, बसा, म्हणाली, जसा मी कालच येऊन गेलतो. मी तिच्यापाशी पोत्यावर बसलो आणि मोबाईल हातात घेतला. माझंच दार होतं. माझी पन्हाळ, माझी कडी, आणि समोर तो इवलासा बैल.

"कोणाचं दार आहे?" तिनं विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

"मंग आता काही दाबू नका. नुसतं उभं राहू द्या त्याले."

किती वेळ, मी विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी मी उभी होती तेवढा.

मी मोबाईल मांडीवर ठेवला आणि हात मागं बांधले. पडद्यावर ऊन सरकत गेलं, बैलाची सावली लांब झाली. तेवढ्या वेळात त्या दिवशीचा एकेक क्षण मले परत भोगावा लागला, फक्त आज मी फटीच्या बाहेर होतो. एवढा वेळ ती उभी होती, हे मले तेव्हा कळलंच नव्हतं. मंग कडी वाजली. दार कुरकुरत उघडलं. आतून एक टोपीवाला माणूस बाहेर आला, बैलासमोर वाकला आणि त्याच्या पाठीवर एक रुपया ठेवला.

"उघडलं?"

"उघडलं, वैनी."

मले रडू आलं, सरळ सांगतो, लाज नाई वाटत. ती हसली. मंग तिनं पिठानं पांढरा झालेला हात माझ्यापुढं पसरला आणि म्हणाली, "मंग आता माझा रुपया द्या."

मी खिशात हात घातला.