सोमवारचं पाणी

माझी आई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. शेजारी माझी पोरगी पाण्यावर हात आपटत हसत होती. आमच्या मोहल्ल्यातल्या चाळीसेक बाया आणि पोरं त्या हौदात होती. आणि काठावर उभ्या मॅनेजरनं, आवाज जराही खाली न करता, मला सांगितलं,

"कल सुबह पूरा पानी निकाल देना. पावडर डबल मारना. आज गाँववाले उतरे हैं."

आईनं मान वर केली. गोंदियाच्या बाजारात भाजी विकून म्हातारी झालेली बाई ती, तिला हिंदी चांगली कळते. मी "जी साहब" म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, कारण यात मी काही शूर नव्हते.

तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या गावाला लागून, धानाच्या बांध्यांमध्ये, शहरातल्या एका पैसेवाल्यानं वॉटर पार्क उभा केला. घसरगुंड्या, लाटांचा हौद, गाणी. मी पहिल्या हंगामापासून तिथं. कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, हौद घासायचे, पाण्यात जंतू मारायची पावडर टाकायची. निळा ड्रेस मिळाला होता. तो घालून मी गावातून मुद्दाम हळू चालायची.

मालकानं गावासाठी एक दिवस ठेवला होता. सोमवार, दुपारनंतर, फुकट. ते सांगत घरोघर मीच फिरायची. आमचा बौद्ध मोहल्ला, पलीकडची गोंड टोली. बाया पेटीतली लुगडी काढायच्या, पोरांचे भांग पाडायच्या, जत्रेला निघाल्यासारख्या यायच्या. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. सरपंच आणि मोठे धानवाले सोमवारी कधी दिसत नसत. त्यांच्या घरी बुधवारचे पास जायचे. मला त्याचंही काही वाटलं नाही.

सोमवारी आमची माणसं उतरायची आणि मंगळवारी सकाळी मी वाल उघडून हौद रिकामा करायची. दोन वर्षं. माझ्याच हातानं. मंगळवार हा पाणी बदलायचा वार, एवढंच मला माहीत. मंगळवारच काऊन, हे मी कधी विचारलं नाही. ते त्या सोमवारी काठावर कळलं.

आता रविवारचं ऐका. रविवारी शहरातून गाड्या भरभरून माणसं यायची. पिऊन उतरायची. त्यांची पोरं पाण्यातच मुतायची. जाळी घेऊन मी स्वतः त्या पाण्यातून तंबाखूच्या खर्र्याचा थुंका काढला आहे, एकदा एकाची ओकारीसुद्धा. तेव्हा मॅनेजर म्हणायचा, चलता है, ऊपर ऊपर से निकाल दो. तेच पाणी सोमवारी आमच्या पोरांच्या नाकातोंडात जायचं. आणि आम्ही उतरलो की मग ते घाण व्हायचं. 

त्या संध्याकाळी आईनं लुगडं दोनदा धुतलं. वाळत घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"माह्या लहानपणी आमच्या ओंजळीत वरून वतत होते पानी. आता उतरू देतेत अन् मंग फेकतेत. तूच फेकून राह्यली ना?"

 निळा ड्रेस अंगावरच होता. मला माझीच किळस आली. मॅनेजरपेक्षा जास्त.

पुढच्या महिन्यात पार्क वाढवायचं निघालं. मालकाला गावाची गुरचराईची जमीन हवी होती, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. ग्रामसभेत दोन शब्द बोल म्हणाला, पार्कमुळे गावाचं कसं भलं झालं ते. तू गावची, तुझं ऐकतील. बोललीस की सुपरवायझर करतो. भाषणाचा कागदही त्यानंच लिहून दिला. रोजगार, रस्ता, दिवे, पोरांना पोहण्याची सोय. आणि शेवटी, गावकऱ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस मोफत.

सुपरवायझर. घरात कमावणारी मी एकटी. खोटं कशाला बोलू, मी तो कागद पाठ केला होता.

ग्रामसभेला शाळेचं आवार भरलं होतं. पुढं खुर्च्यांवर बुधवारवाले. मागं सतरंजीवर सोमवारवाले. आई त्यांच्यातच बसली होती. मी माईक धरला, रस्ता वाचला, दिवे वाचले. मोफत दिवसाच्या ओळीवर आले आणि ती वाचवेना. 

कागद खाली केला आणि बोलले, "सोमवारी आमी उतरतो अन् मंगळवारी पानी फेकतेत. आमी उतरतो म्हणून. वाल माह्याच हातानं उघडते. बुधवारी नवं पानी भेटते, ते पासवाल्यायले."

सरपंच म्हणाले, "बाई, विषय जमिनीचा आहे."

मी म्हणाले, जमीन गावाची आहे, म्हणूनच हा विषय आहे.

मागून गोंड टोलीतली एक म्हातारी उठली. मग सतरंजीच उठली. ठराव त्या दिवशी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं मला आत सोडलं नाही. आठवड्यानं मॅनेजर घरी आला. दारातच उभा राहिला, आईनं पुढं केलेलं पाणी घेतलं नाही. नोकरी परत देतो, पुढच्या सभेत हात वर कर, म्हणाला. मी त्याला सांगितलं, पार्क वाढवा, माझं भांडण पार्कशी नाही. गावाला कामं मिळतील तर हवीच आहेत. पण पाणी बदललं की पहिला दिवस गावाचा, सगळ्या गावाचा, आणि बुधवारचे पास बंद. हे ठरावात लिहा. तोंडी नको.

तो हसला. पानी का ही तो झगडा है, इतना क्या, म्हणाला.

तेवढंच आहे. पाण्याचंच आहे.

आई म्हणते, लिहून दिलं तरी मी त्या हौदात पाय घालणार नाही. नाही घातला तर नाही. मी तिला आग्रह करणार नाही. पण मी आता कुणाच्या सांगण्यावरून माझ्या माणसांच्या मागून पाणी फेकणार नाही. उपाशी राहीन, वाल फिरवणार नाही. आणि ते कागदावर येत नाही तोवर, त्या जमिनीचा ठराव जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा मी शाळेच्या आवारात उभी राहून हेच बोलणार. माईक बंद केला तरी बोलणार.