हेडर मी निवडला होता

आमची जीप फौजेतून निघालेली, लिलावातली. यजमानांनी ती घरी आणली तेव्हा मीच म्हटलं होतं, हे भंगार कशाला? आता मात्र तिला दुसऱ्या कोणी हात लावला तर मला चालत नाही. आमचं शेत पुलगावपासून आत, नाल्यापलीकडे. काळी जमीन. पाऊस लागला की ट्रॅक्टरही फसतो, ही मात्र चारही चाकांनी ओढत जाते. यजमानांचे गुडघे गेल्यापासून मीच चालवते. पदर खोचायचा नि बसायचं. आधी बाया हसायच्या, आता मागे बसायला भांडतात.

तिचं जुनं पेट्रोल इंजिन पार थकलं, तेव्हा एका पिकअपचं डिझेल इंजिन तिच्यात बसवायचं ठरलं. काम दिलं आमच्याच गावच्या मिस्त्रीला. पुलगावात रस्त्याच्या कडेला त्याचं शेड आहे. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला काकू म्हणतो. इंजिन त्याने छान बसवलं. अडलं ते एकाच जागी. इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा मॅनिफोल्ड असतो ना, त्याचं तोंड नेमकं स्टिअरिंगच्या दांड्यावर येत होतं.

मिस्त्री म्हणाला, "काकू, याच इंजिनाचा दुसरा मॅनिफोल्ड येते, मांगच्या तोंडाचा. बिडाचा, ओतीव लोखंडाचा. नागपूरच्या भंगारात भेटन. पंधरा दिवस थांबा."

आता माझं कसं, की मी शाळेत फार गेले नाही, पण जे आवडतं ते स्वतःच शिकत बसते. त्या दिवसांत मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहून पाहून डोळे दुखायचे. त्यांत मला मॅनिफोल्डच्या जागी बसवतात तो हेडर आवडला होता. चार चकचकीत नळ्या, वळत वळत एकीत मिळणाऱ्या.

मी म्हटलं, "बीड कायले? पाइपाचा हेडर बनव ना."

"काकू, पातळ नळी जोडावर तडकते. अन् पसरते किती! वायरींले धग लागते. बीड जाड असते, इंजिनाले चिकटून राह्यते."

"तू मले शिकवून राह्यला काय? मी रोज पाह्यतो मोबाईलवर."

"पाह्यत जा नं. पण त्या मोबाईलवाल्याले नाला कुठी हाय?"

शेडमध्ये बसलेली दोन-तीन गिऱ्हाइकं खो खो हसली. बस, तिथेच माझं बिनसलं. त्या हसण्यापायी मी म्हटलं, "गाडी कोनाची हाय? हेडरच लाव." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, "तुमची मर्जी" म्हणाला, आणि वर्ध्याहून नळ्या वेल्ड करून आणल्या. वायरी जमतील तेवढ्या दूर बांधल्या. गाडीचा आवाज असा भारदस्त निघाला, की मी गावातून विनाकारण दोन चकरा मारल्या.

पोळा होऊन आठवडाही झाला नसेल. निंदणाच्या बायांना घेऊन मी नाल्यात उतरले आणि मध्येच बॉनेटमधून धूर. हेडरचा जोड तडकला होता, त्यातून निघालेल्या झळीने वायरी वितळल्या. इंजिन बंद. बाया लुगडी वर धरून पाण्यातून काठावर गेल्या. कोणाला काही झालं नाही, एवढं देवाने केलं. ट्रॅक्टर लावून जीप ओढली तोवर अर्धं गाव जमलं होतं. मिस्त्रीही मोपेडवर धावत आला.

यजमानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे असं कोनं बसवलं?"

मी म्हटलं, "मिस्त्रीनं बसवलं."

खोटं नव्हतंच ते. बसवलं त्यानेच होतं. पण मी कोणतं खरं सांगितलं आणि कोणतं गिळलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मिस्त्री माझ्यापासून चार हातांवर उभा. मला वाटलं, आता हा बोलेल. तो फक्त म्हणाला, "हो, मीच बसवलं," आणि जळक्या वायरी कापायला वाकला.

गावात बोललं जाऊ लागलं, काकूची गाडी त्यानं जाळली. मी ऐकायचे आणि भाजी निवडायचे.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि ज्याच्या हातचं काम, तोच नारळ फोडतो. दरवर्षी मिस्त्री सकाळीच यायचा. त्या दसऱ्याला आला नाही. दुपारी मी आपट्याची पानं घेऊन त्याच्या शेडवर गेले. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी त्याची हत्यारं हळदकुंकू लावून मांडलेली होती आणि दुरुस्तीला गाडी एकही नव्हती.

मी सोनं दिलं आणि म्हटलं, "चूक माही होती रे बाप्पा."

तो म्हणाला, "काकू, मले सांगून काय होते? मले तं माहीतच हाय."

तोंडावर मारल्यासारखं झालं. रागावला असता तर बरं होतं. मी म्हटलं, "चाल घरी. नारळ तुह्याच हातानं फुटन."

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येतातच, अंगण भरलेलं होतं. मिस्त्रीच्या हातात नारळ दिला आणि म्हटलं, "हा नको म्हनत होता. हेडर म्या निवडला होता, अन् त्या दिवशी म्या तोंड उघडलं नाई." शेजारचा एक दीर लागणारा म्हणाला, "वैनी, येरवी तं तुमचं तोंड बंदच होत नाई!" माणसं हसली. यजमान जमिनीकडे पाहत राहिले. मिस्त्रीने नारळ फोडला, प्रसाद मला आधी दिला.

आता जीपला बिडाचाच मॅनिफोल्ड आहे. गंजका, कुरूप, आणि एकदाही कुरकुरला नाही. गिऱ्हाइकंही बरीचशी परतली. पण एक जण परतला नाही. त्याचा ट्रॅक्टर आता दुरुस्तीला थेट वर्ध्याला जातो. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या वेळी त्याने चहा पाजला आणि बायकोला म्हणाला, "पाह्य, मन किती मोठं हाय काकूचं. गाडी जाळली त्यानं, तरी त्याचीच बाजू घेऊन राह्यल्या."

तो चहा मी कसा संपवला, मलाच माहीत.