भाताच्या जागेवरची ड्युटी

दापोड्याच्या रस्त्यावर मी रोज सकाळी बसची वाट बघायचो, तेव्हा ती जायची. पन्नाशीची बाई, गुडघ्यावर खोचलेलं लुगडं आणि बुडाखाली लाल स्कूटी. हॉर्न असा द्यायची की पार नारपोलीतले कापडाचे लूम एक ठेका चुकायचे. खोटं वाटत असेल तर नारपोलीत विचारा.

एकदा तिचा दीर गावातली चार वजनदार माणसं घेऊन आडवा उभा राहिला. त्यांच्या सोनसाखळ्यांनी रस्ता पिवळा झाला.

"वयनी, जमीनवाल्यांच्या घरची बाई गोदामात ड्युटीला जाते. नाक कापलं आमचं! आजपासून घरी बसा."

स्कूटी बंद न करताच ती म्हणाली, "भावजी, ते गोदाम हाय ना, त्याच जागेवर मी वीस वर्सं चिखलात भात लावला. तवा तुमचं नाक साबूत व्हतं. आता तिथंच पंख्याखाली खोकी भरतंय, तर कापलं?"

दीर बाजूला झाला. न होऊन सांगतो कुणाला? चाक चपलेवर आलं होतं.

पुढच्या आठवड्यात बघतो तर मागच्या सीटवर आणखी एक खोचलेलं लुगडं. दिराची बायको! आणि मागून दीर पळतोय, हातात बायकोचा विसरलेला डबा.