लाळेऱ्यात बाळ कुठंय?

धाकट्या भावाच्या गळ्यात बिब बांधता बांधता नातीनं विचारलं, "आजी, तू याला लाळेरं का म्हणते?"

"अगं, लाळेवरून लाळेरं. जेवताना लाळ टिपायचं फडकं."

"मग त्यात बाळ कुठंय? लाळच आहे फक्त."

मी बाई हबकलेच! जन्मभर हा शब्द तोंडात, पण हे कधी दिसलंच नाही. त्यात समोर हे जेवत बसलेले. लकवा झाल्यापासून यांच्या ओठातून वरण गळतं, सदरा भिजला की लाजून अर्ध्या ताटावरून उठतात. लाळेचं बोलणं मनाला लागून आता ताट भिरकावतात की काय, म्हणून मी धास्तावले.

तर हे अडखळत म्हणाले, "मलाही शिव एक. आपल्या लूमवर विणलेलं मऊ कापड घे."

त्या दिवशी यांनी ताट संपवलं.